अकराव्या पट्टीवरची ओळ

उत्तर न दिलेली पत्रे माझ्याकडे बरीच आहेत. त्यांतल्या बहुतेकांना उत्तर दिले असते तरी कोणाचे काही सुधारले नसते, आणि दिले नाही म्हणून काही बिघडलेही नाही. हे एक पत्र तसे नव्हते. ते मी मोठ्या शब्दकोशाच्या पोटात ठेवले, आणि त्या दिवसापासून एखाद्या शब्दाचा अर्थ पाहायचा असला की धाकटा कोश काढू लागलो. धाकट्या कोशात निम्मे शब्द नाहीत. चालवून घेतले.

पत्र अकरावीचे होते. तिला खरे नाव आहे, पण संडे स्कूलच्या वर्गात मुलांनी पहिल्याच दिवशी तिला अकरावी म्हणायला सुरुवात केली. चौतीस वर्षांनी पत्राखाली सही करतानाही तिने पुढे तेच लिहिले होते, मी ओळखावे म्हणून. ओळखणार नाही? त्या नावाला कारण मीच.

‘आदरणीय सरांना प्रभूमध्ये सलाम,’ असे पत्र सुरू होत होते. ‘इथल्या चर्चमध्ये मी नऊ वर्षे मुलांचा वर्ग घेते आहे, तुमच्याच पद्धतीने, कागदाच्या पट्ट्या कापून. मागच्या महिन्यात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट घेतली. नवे पाळक मागे बसून ऐकत होते. वर्ग सुटल्यावर म्हणाले, ताई, शेवटची ओळ कुठल्या अध्यायात आहे? मी चारही शुभवर्तमाने दोनदा वाचली. मिळत नाही. जुन्या भाषांतरात असेल का? पाळक वाईट नाहीत, पण ओळ दाखवेपर्यंत वर्ग त्यांनी स्वतःकडे घेतला आहे. मी सगळ्या मंडळीसमोर सांगून बसले आहे की माझे सर चुकीचे शिकवणारच नाहीत, छापखान्यात त्यांच्या नजरेतून कानामात्रा सुटत नसे. तेव्हा कृपा करून अध्याय आणि वचनाचा आकडा कळवा. मला माझा वर्ग परत हवा आहे. आणि सर, त्या ओळीमुळेच मी वडिलांना अठरा वर्षांनी भेटायला गेले होते. ती शास्त्रात नाही, असे कसे होईल?’

ती शास्त्रात नाही. ती मी लिहिली.

ज्यांना गोष्ट ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दहा कुष्ठरोगी लांब उभे राहून येशूला हाका मारतात, आमच्यावर दया कर. तो म्हणतो, जा, याजकांना स्वतःला दाखवा. ते निघतात आणि वाटेतच बरे होतात. त्यांतला एकच, तोही परका, माघारी येतो आणि पायांवर पडून आभार मानतो. येशू विचारतो, बरे तर दहा झाले होते, मग बाकीचे नऊ कुठे आहेत? आणि त्या एकाला म्हणतो, ऊठ, जा, तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे. गोष्ट इथे संपते. नऊ जणांचे पुढे काय झाले हे कोणी सांगत नाही.

आता पट्ट्यांविषयी. मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. एकोणचाळीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेतला. संडे स्कूल माझ्या गळ्यात पडले ते आधीच्या बाई गाव सोडून गेल्या म्हणून, आणि मला नाही म्हणता येत नाही म्हणून. मुलांसमोर उभा राहिलो की माझी जीभ टाळूला चिकटायची. मग मी एक युक्ती काढली. वाचून झालेली गॅली प्रुफे, म्हणजे छपाईआधीच्या कच्च्या प्रती, रद्दीत जात, लांबच लांब, पाठीमागून कोरी. ती घरी आणून मी पट्ट्या कापायचो. एकेका पट्टीवर गोष्टीतली एकेक ओळ, एकेका मुलाला एकेक पट्टी. ज्याची ओळ त्याने पाठ करायची आणि जन्मभर सांभाळायची. रांगेत उभे राहून सगळ्यांनी ओळी म्हटल्या की गोष्ट पुरी. मला तोंड उघडावे लागत नसे. लोक याला पद्धत म्हणू लागले. तो निव्वळ भित्रेपणा होता.

वर्गात मुले दहा होती, म्हणून त्या रविवारी मी दहा पट्ट्या नेल्या. वाटून झाल्या तेवढ्यात दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. गावात नवी, काकूकडे राहायला आलेली. मुलांतला एक, ज्याला सगळे बडबड्या म्हणत, तो ओरडला, “सर, ही अकरावी! हिला काय?”

“पट्ट्या दहाच आहेत,” दुसरी कोणीतरी म्हणाली.

“मी बघत बसते,” ती मुलगी म्हणाली. ती इतक्या सहज म्हणाली की हे वाक्य तिने बऱ्याच ठिकाणी म्हटले असणार, हे माझ्यासारख्यालाही कळले.

‘पुढच्या रविवारी तुला देईन,’ एवढे चार शब्द मला बोलता आले असते. कोणालाही आले असते. त्याऐवजी मी खिडकीकडे वळलो, खिशातून उरलेली कोरी पट्टी काढली आणि कट्ट्यावर ठेवून लिहिले: ‘मग संध्याकाळी, सगळे पांगल्यावर, त्या नवांतला आणखी एक जण आला.’ ठरवले, पुढच्या रविवारी ही पट्टी परत घेऊन तिला खरी ओळ द्यायची.

पुढच्या रविवारी पाळकांनी मुलांना उपासनेत उभे केले. म्हातारे पाळक, मऊ स्वभावाचे. दहा ओळी झाल्या आणि शेवटी ती पुढे आली. ती ओळ तिने अशी म्हटली की पुढच्या बाकावरच्या बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. दोनशे माणसे बसली होती. रोज शास्त्र वाचणारी, पाठ असणारी माणसे. एकही जण उठून म्हणाला नाही की हे कुठून आले. नंतर दाराशी पाळकांनी माझा हात हातात घेतला, चष्म्यावरून पाहिले आणि हळूच म्हणाले, “शेवट एकदा मुळाशी ताडून पाहा हं.”

“पाहतो,” मी म्हणालो.

चौतीस वर्षे पाहतोच आहे.

पत्र येऊन दोन महिने झाले तेव्हा माझ्या बहिणीला शब्दकोड्यासाठी मोठा कोश हवा झाला. ती माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी. इस्पितळात नर्स होती, शेवटची दहा वर्षे मेट्रन. नवरा गेल्यावर माझ्याकडे राहायला आली. माझी काळजी घ्यायला, असे ती म्हणते. तिला हुकूम सोडायला कोणीतरी हवे होते, असे मला वाटते.

“दादा, हे काय?”

“पत्र आहे.”

“ते दिसतंय. मी नर्स होते, आंधळी नव्हते. दोन महिन्यांपूर्वीचं आहे. उत्तर दिलंस?”

“लिहितोय.”

“लिहितोय म्हणजे?”

मी टेबलाचा खण उघडून दाखवला. एकोणीस खर्डे होते. प्रत्येकाच्या समासात माझ्याच लाल शाईच्या खुणा, जणू दुसऱ्या कोणाचे प्रूफ असावे. तिने सगळ्यात वरचा उचलला, चार पानांचा, आणि खुर्चीत बसून मोठ्याने वाचू लागली.

“‘प्राचीन काळी ग्रंथांच्या नकला हाताने होत असल्याने पाठभेद संभवतात. भाषांतरकारांनाही कधी कधी...’ दादा, ती ओळ कोणी लिहिली?”

“मी.”

“मग या चार पानांत ‘मी’ कुठे आहे? नकला करणारे आहेत, भाषांतरकार आहेत, काळाचा ओघ आहे. सगळे हजर, तू तेवढा गैरहजर. अरे, दीड हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांवर ढकलतोस?”

“ढकलत नाही. मी फक्त शक्यता मांडतोय.”

“जन्मभर लोकांच्या डोळ्यांतली कुसळं काढलीस. आता स्वतःचं मुसळ निघालं तर त्याच्यावर निबंध लिहितोस.”

मी तिला समजावायला गेलो. गोष्ट वर्गाची असती तर एक वेळ सोपे होते. पण ती मुलगी त्या ओळीच्या भरवशावर अठरा वर्षांनी बापाला भेटायला गेली. काय भांडण होते देव जाणे, पण गेली. आता मी कळवायचे, बाई, ती ओळ मी खिडकीत उभा राहून अर्ध्या मिनिटात लिहिली, तुला रडू येऊ नये म्हणून? म्हणजे तिच्या पायाखालची फळीच काढून घ्यायची.

“ती गेली ना?” बहिणीने विचारले.

“गेली.”

“बाप भेटला ना?”

“भेटला असणार.”

“मग झालं. भेटलेला बाप तुझ्या पत्राने परत दूर जाणार आहे का? तुला तिची काळजी नाही. तुला तुझ्या अब्रूची काळजी आहे. छापखान्यात म्हणे कानामात्रा सुटत नसे!” तिने खर्डा खणात टाकला. “आम्ही सुई टोचताना असा विचार करत बसलो असतो ना, तर अर्धा वॉर्ड वाट पाहूनच गेला असता. ‘मी लिहिली, चुकलो’ एवढं लिही आणि खाली सही कर.”

“एवढंच? त्याला पत्र म्हणत नाहीत.”

“मग काय म्हणतात, प्रबंध?”

मी विसावा खर्डा सुरू केला. तो सहा पानांवर गेला.

महिन्याच्या मध्याला पोस्टकार्ड आले. बहिणीनेच ते पेटीतून आणले, वाचले (पोस्टकार्ड वाचायची परवानगी लागत नाही असे तिचे मत आहे) आणि माझ्या चहाच्या कपाला टेकवून उभे ठेवले. ‘सरांना सलाम. उत्तर आले नाही म्हणून काळजी वाटते. तब्येत बरी आहे ना? माझ्या कामाची घाई नाही. फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी मंडळाची सभा आहे, पुढच्या वर्षीचा वर्ग कोणाकडे ते तेव्हा ठरेल. पण तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका.’

ती रागावली असती तर बरे झाले असते. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येते.

“तब्येत बरी आहे ना, विचारतेय,” बहीण म्हणाली. “काय सांगू? हात चालतो, कणा तेवढा गेलाय?”

त्यानंतर मी आठ दिवस घालवले. कसे, ते विचारू नका. नवे भाषांतर, जुने भाषांतर, एक टीकाग्रंथ. कुठेतरी, कोणीतरी, कोणत्या तरी तळटीपेत माझी ओळ माझ्याआधी लिहून ठेवली असेल अशी वेडी आशा. म्हातारपणी माणूस लबाड होतो, आणि वाचणारा माणूस तर संदर्भासकट लबाड होतो.

सभेला पाच दिवस उरले होते त्या दुपारी स्वयंपाकघरातल्या बेसिनखालचा पाइप गळू लागला आणि बहिणीने प्लंबरला बोलावले. जाडजूड, टक्कल पडलेला, पंचेचाळिशीचा माणूस. हत्यारांची पिशवी खाली ठेवून तो माझ्याकडे बघतच राहिला.

“सर! ओळखलं नाही? बडबड्या!”

आवाजावरून ओळखले. तो पाठीवर झोपून बेसिनखाली शिरला आणि तिथूनच बोलत राहिला. बडबड्याचे काहीही बदलले नव्हते, फक्त आवाज पाइपातून आल्यासारखा येत होता.

“माझी ओळ अजून पाठ आहे, सर. ‘बरे तर दहा झाले होते, मग बाकीचे नऊ कुठे आहेत?’ सकाळी साइटवर एकच माणूस हजर असला ना, की मी हीच म्हणतो. माणसं म्हणतात, साहेब, तुम्ही फार धार्मिक.”

बहीण हसली. मलाही हसू आले असते.

“सगळी गोष्ट येते मला. पोरांना झोपवताना सांगायचो. परवा आमच्या फोरमनची आई गेली, तो आजारपणात एकदाही तिला भेटायला गेला नव्हता. स्मशानात नुसता रडत होता. त्याला सांगितली. अकरावीची ओळ आली तेव्हा गप्प झाला बघा. त्याने घरी जाऊन भावाला सांगितली, भावाने अजून कुणाला...”

“ती शास्त्रात नाही,” मी म्हणालो.

पान्याचा आवाज थांबला.

“काय नाही?”

“अकरावीची ओळ. शास्त्रात नाही. मी लिहिली ती. पट्टी कमी पडली म्हणून.”

हे मी मोठ्याने बोललो होतो. बेसिनकडे बघून बोललो, हे खरे आहे. बेसिनखाली पाणी टपटपत होते.

“पण आम्ही बघितलं होतं, सर,” तो म्हणाला.

“काय बघितलं?”

“तुम्ही खिडकीत लिहिताना. पाठ फिरवलीत तरी कोपर हलतं ना! आम्हाला वाटलं, तुम्ही एक ओळ लिहायची विसरला होता, ती आठवून लिहिलीत.” मग जरा घाबरून त्याने विचारले, “माझी खरी आहे ना?”

“तुझी खरी आहे. दहाही खऱ्या आहेत.”

“मग ठीक.” पाना पुन्हा फिरला. पण दोनच आटे फिरला आणि थांबला. तो सरकत बाहेर आला आणि फरशीवर बसूनच माझ्याकडे बघू लागला. कपाळाला काळे लागले होते. “ठीक कसलं, सर? तेव्हा सांगायचं ना! आता मी फोरमनला काय सांगू? त्याच्या भावाला कुठे शोधू?”

“मी तरी काय करू?”

“मला काय विचारता? तुम्ही सर!” तो वैतागला होता, आणि त्याला वैतागलेले बघून मला पहिल्यांदाच जरा बरे वाटले. इतक्या वर्षांत या गोष्टीवरून माझ्यावर कोणी चिडलेच नव्हते. “फोरमनला मी सांगतो. तो शिव्या घालेल, घालू दे. माझ्या पोरांना सांगतो. पण अकरावीला तुम्ही सांगा. कळलंय का तिला?”

बहिणीने टेबलावरचे पोस्टकार्ड उचलून त्याच्या हातात दिले. मी काही म्हणायच्या आत त्याने ते वाचलेही.

“रविवार? या रविवारी?” त्याने कार्डाची मागची बाजूही वाचली, पत्ता, शिक्का, सगळे. “सर, आज वार कुठला? पोस्टाला दोन दिवस तरी लागतात. आणि तुम्ही इथे माझी बडबड ऐकत बसलाय?”

“तेच म्हणते मी,” बहीण म्हणाली. “मी म्हटलं की कुरकुर असते. आता प्लंबरनं सांगितलं.”

तिने टेबल पुसले, एक कोरा कागद समोर ठेवला आणि खण बंद करून त्याला पाठ लावून उभी राहिली, मी खर्डे काढू नयेत म्हणून. प्लंबर पुन्हा बेसिनखाली गेला. दोन माणसे घरात असताना मी आजवर एक ओळही लिहिलेली नाही. त्या दिवशी लिहिली.

‘चि. अकरावीस अनेक आशीर्वाद.

‘तुझी ओळ शास्त्रात नाही. ती मी लिहिली. तू दारात उभी होतीस, पट्ट्या संपल्या होत्या आणि तुला पुढच्या रविवारी ये म्हणायचे मला धैर्य झाले नाही. पुढच्या रविवारी ती परत घ्यायची होती, तेही झाले नाही. पाळक बरोबर आहेत, माझ्या वतीने त्यांची क्षमा माग. हे पत्र त्यांना आणि मंडळाला दाखव. चूक शिकवणाऱ्याची आहे, शिकणारीची नाही. तुझा वर्ग तुला परत मिळायला हवा.

‘मुलांना गोष्ट आहे तिथपर्यंतच सांग. नऊ कुठे आहेत हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर दिलेले नाही. ते मी द्यायला नको होते. एखाद्या मुलाने विचारलेच, तर ठाऊक नाही असे सांग. मला तेवढेही सांगता आले नव्हते.

‘वडिलांकडे तू गेलीस ती तुझ्या पायांनी गेलीस. माझ्या ओळीचे त्यात काही नाही. ते कसे आहेत, होते, मी विचारलेही नाही. लिही.

‘वर्गात अकरावे मूल आले तर आहे त्यातलीच एक लांब ओळ कापून दोन कर. मला हे त्या दिवशी सुचले नाही, काल सुचले.’

सही केली. मग वरपासून वाचले. ‘धैर्य’ लिहिताना शाई पसरली होती आणि ‘ते कसे आहेत, होते’ हे वाक्य वाईट होते. जिवंत की मेलेले हे न ठरवता माणसाविषयी विचारणे बरे दिसत नाही. मी लाल पेन उघडले.

“नाही,” बहीण म्हणाली.

“फक्त एक वाक्य.”

“नाही, दादा.”

“निदान हा शब्द पुन्हा...”

तिने कागद माझ्या हाताखालून ओढून घेतला, घडी केली, पाकिटात घातला आणि जिभेने पाकीट चिकटवून टाकले. मेट्रन असताना ती अशीच रुग्णाच्या तोंडात गोळी घालून वर पाणी ओतत असणार. “पत्ता तरी नीट लिहिशील का, की तोही मीच लिहू?”

पत्ता मी लिहिला. दोनदा ताडून पाहिला. तेवढी मुभा तिने दिली.

“नळ झाला,” आतून आवाज आला. “सर, जाताना मी टाकतो ते पेटीत.”

“नको,” बहीण म्हणाली. “त्यालाच जाऊ दे.”

पेटी आमच्या गल्लीच्या टोकाला आहे, लाँड्रीच्या बाजूला. सात मिनिटांची वाट. मी वीस मिनिटे घेतली. दुकानांचे दिवे लागले होते. पेटीवर शेवटच्या टपालाची वेळ रंगवलेली आहे. ती टळायला थोडाच वेळ होता, आणि ती टळली तर उद्या सकाळपर्यंत ते वाक्य सुधारता येईल, हा विचार माझ्या मनात आला नाही असे म्हटले तर तेही खोटेच होईल. पाकीट फटीत अर्धे घातले. दुसरे अर्धे बोटांत धरून मी उभा राहिलो. ‘ते कसे आहेत’ असेच फक्त लिहायला हवे होते. ‘होते’ कशाला लिहिले?

“आजोबा,” मागून एक बाई म्हणाल्या. त्यांच्या दोन्ही हातांत धुतलेल्या कपड्यांचे गठ्ठे होते आणि वर हनुवटीखाली दाबलेले एक पाकीट. “टाकताय का काढताय? मला घरी जायचंय.”

“टाकतोय,” मी म्हणालो, आणि बोटे सोडली.